खिडकीशी नेलेला कागद

माझ्या मामेभावाला घरात सगळे मास्तर म्हणतात. शाळेत तो जेमतेम एक वर्ष टिकला. मुलं प्रश्न विचारायची, तेच त्याला झेपायचं नाही. मागच्या बाकावरून एखादा प्रश्न आला की त्याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या, आणि तो फळ्याकडे तोंड करून धडा पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. शेवटी त्याला असं काम सापडलं की जिथं समोर कुणी बसलेलंच नसतं. तो कंपन्यांसाठी ऑनलाइन कोर्स बनवतो. तिथं प्रश्नही तोच विचारतो, उत्तरंही तोच लिहितो, आणि समोरच्या माणसानं फक्त तीन गोलांपैकी एका गोलावर टिचकी मारायची असते. भलत्याच गोलावर मारली तर ‘अरेरे, पुन्हा प्रयत्न करा’ असं गोड आवाजात ऐकून घ्यायचं. उलटून बोलायची सोय नाही. मास्तरला आणखी काय हवं?

मी त्याची आतेबहीण. चष्म्याच्या दुकानात कामाला आहे, दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावते. मास्तरविषयी मी काही बरं सांगेन अशी अपेक्षा कुणी ठेवू नये. आमच्या नातेवाइकांत त्याचं कौतुक करणारे भरपूर आहेत, त्यांनी ते काम आपसांत वाटून घेतलेलं आहे.

कॉलेजची सगळी वर्षं तो आमच्याकडे राहिला. आमच्या खोल्या दोनच. एक स्वयंपाकाची आणि एक रस्त्याकडच्या खिडकीची. तो आला त्या दिवशी आईनं माझं टेबल उचलून स्वयंपाकघरात नेलं आणि खिडकीपाशी त्याचं मांडलं. “त्याला उजेड लागतो वाचायला,” ती म्हणाली. मला काय अंधारात दिसायचं? पण तो तिच्या भावाचा मुलगा, परगावाहून शिकायला आलेला, आणि आईचा जीव त्याच्यावर. मी शेगडीच्या धगीत बसून पाठांतर केलं आणि हा खिडकीत बसून रस्ता बघत राहिला. संध्याकाळी आई कामावरून दमून यायची, पण बसायच्या आधी त्याच्या टेबलावर चहा नेऊन ठेवायची. “खिडकीशी बस रे, तुला उजेड लागतो,” हे वाक्य मी तिच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन.

अभ्यासात तो काही दिवे लावत नव्हता. पण त्याला एक कला तेव्हापासून साधलेली. उत्तर येत नसलं तरी ते येतंय अशा थाटात लिहायचं, वर ‘मुद्दे’ असं लिहून खाली रेघ मारायची. तपासणारा माणूस थकलेला असतो, रेघ बघून खूश होतो. त्या एका रेघेवर मास्तरनं पुढचं सगळं आयुष्य उभं केलं.

आता त्याच्या कामाविषयी. एखाद्या कंपनीत काहीतरी बिघडतं. माल परत येतो, गिऱ्हाइकं चिडतात, लोक उशिरा येतात. मग तिथला साहेब मास्तरच्या कंपनीला बोलावतो. मास्तर गळ्यात ओळखपत्र अडकवून जातो, दोन-चार माणसांशी बोलतो आणि येऊन सांगतो की लोकांना नीट माहिती नाही, त्यांना शिकवलं पाहिजे. दरवेळी हेच. एका गोदामात माणसं जिन्यावरून घसरून पडत होती, जिन्याचा कठडा तुटलेला होता. मास्तरनं कोर्स बनवला, ‘पाऊल जपून’. एका कारखान्यात सकाळची पाळी वेळेवर भरत नसे, कारण पहिली बसच पाळी सुरू झाल्यावर पोहोचायची. मास्तरनं कोर्स बनवला, ‘वेळेचं मोल’. कठडा तुटलेलाच राहिला आणि बस आपल्या वेळेला येत राहिली, पण दोन्हीकडच्या माणसांकडे प्रमाणपत्रं होती. या कथा तो आमच्याकडे जेवताना स्वतःच सांगायचा, तेही छाती फुगवून.

“मग कठडा का नाही बसवला त्यांनी?” मी एकदा विचारलं.

“तो माझा विषय नाही,” तो म्हणाला. “मी माणसांवर काम करतो.”

माणसांवर! इस्त्रीवाला शर्टावर करतो तसं.

घरीही त्याचं हेच. काहीही विचारा, “याचे तीन मुद्दे आहेत” म्हणून बोट वर. तिसरा मुद्दा त्याला बहुतेक वेळा आठवत नाही, आणि तिसरं बोट आपलं हवेतच राहतं. वहिनीनं लग्नानंतर सुरुवातीला एकदा विचारलं होतं, “भाजी कशी झालीय?” तर हा म्हणतो, “आधी तुला काय वाटतं ते सांग.” त्यानंतर तिनं विचारलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

माझी आई, म्हणजे त्याची आत्या, एका मोठ्या लाँड्रीत कामाला. कोपऱ्यावरच्या दुकानासारखी नव्हे, दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी जिथं गाड्या भरभरून येतात तसली. तिथं ती तपासणीच्या टेबलावर. चादर धुऊन, इस्त्रीच्या रुळांतून निघून टेबलावर येते. दोघींनी दोन बाजू धरायच्या, ताणायच्या, नजर फिरवायची. डाग दिसला तर लाल टोपलीत, नाहीतर घडी घालून गाडीत. आई त्या टेबलावर इतकी वर्षं होती की नव्या बायका तिच्या समोरची बाजू मिळावी म्हणून भांडायच्या, तिच्याबरोबर असलं की बोलणी खावी लागत नाहीत म्हणून. आणि तिला त्याचा गर्व होता, मी तरी त्याला गर्वच म्हणेन. कुणाकडे पाहुणी म्हणून गेली तरी आधी त्यांच्या पलंगावरच्या चादरीवरून नजर फिरवायची आणि मग बसायची.

त्या लाँड्रीचा व्यवस्थापक म्हणजे एक नमुना. बायका त्याला बचतराव म्हणायच्या. हात धुवायच्या साबणाची वडी अर्धी कापून ठेवणारा माणूस. त्याच्या डोक्यात एकदा विजेची बचत शिरली. तळमजल्यावरच्या निम्म्या ट्यूब त्यानं उतरवल्या आणि उरलेल्यांच्या जागी मिणमिणते पिवळे दिवे लावले. त्याबद्दल मुख्य कचेरीकडून त्याला एक चकचकीत पाटी मिळाली. ती त्यानं आपल्या खोलीत, खुर्चीच्या बरोब्बर मागे टांगली, म्हणजे समोर बसणाऱ्याला त्याच्याकडे बघताना तीही बघावी लागे. त्या खोलीतल्या ट्यूब अर्थातच जागच्या जागी होत्या.

“हल्ली सगळ्या चादरी जुन्या झाल्यासारख्या दिसतात गं,” आई घरी येऊन म्हणायला लागली. मला वाटलं, डोळे. मी तिला आमच्या दुकानात नेलं, डॉक्टरांकडून नीट तपासून घेतलं. डोळे ठणठणीत, चष्म्याचा नंबरही बदललेला नव्हता. मग तिनं दिव्यांचं सांगितलं. बायका मुकादमाशी बोलल्या होत्या. “सवय होईल,” मुकादम म्हणाला. बचतरावाच्या कानावर घालायची त्याची छाती नव्हती, पाटी नुकतीच टांगलेली होती.

मग व्हायचं तेच झालं. एका मोठ्या दवाखान्यातून चादरींची अख्खी गाडी परत आली. औषधांचे फिके पिवळट डाग. पिवळ्या उजेडात ते कुणाच्या बापाला दिसणार होते? मुख्य कचेरीनं बचतरावाला फैलावर घेतलं, आणि बचतरावानं मास्तरच्या कंपनीला फोन लावला.

“आपला मास्तर येणार आमच्याकडे!” आईनं टेबलावरच्या सगळ्या बायकांना आधीच सांगून ठेवलं. त्या सकाळी तिनं डोक्याला नवा रुमाल बांधला. मास्तर आला, अर्धा दिवस टेबलाशी उभा राहिला. चारचौघांत त्यानं तिला आत्या म्हटलं नाही, ‘मॅडम’ म्हणाला. तेही तिला कौतुकाचं वाटलं.

“छान बोलला गं,” रात्री जेवताना ती सांगत होती. “प्रश्न छापून आणले होते त्यानं. पण वाचता येईनात. कागद जवळ धरला, लांब धरला. मग म्हणाला, एक मिनिट हं, आणि कागद घेऊन कोपऱ्यातल्या खिडकीशी गेला. तिथं वाचायचा, येऊन आम्हाला विचारायचा, परत खिडकीशी. प्रत्येक प्रश्नाला! आम्हाला हसू आवरेना.”

“म्हणजे त्याला कळलं,” मी म्हणाले.

“न कळायला काय झालं? हुशार आहे तो. आता दिवे येतील बघ.”

मलाही वाटलं, येतील. एवढी वर्षं त्याला ओळखून मला असं वाटावं, ही माझी अक्कल. दिवे आले नाहीत, कोर्स आला.

कोर्सचं नाव होतं ‘नजर स्वच्छ, चादर स्वच्छ’. त्यात दोन बाहुल्या होत्या. एक ‘दक्ष ताई’, सडपातळ, तरतरीत, सदा हसतमुख. दुसरी ‘विसरभोळी मावशी’. मावशीला अंबाडा, जाड काड्यांचा चष्मा, आणि हनुवटीवर डाव्या बाजूला तीळ. मास्तरनं त्या दिवशी काढलेले फोटो चित्रकाराला दिले होते, आणि चित्रकारानं आपलं काम चोख केलं होतं. पहिल्या चित्रात मावशी आली तेव्हा आई आनंदानं म्हणाली, “अगं बाई, हे तर माझंच चित्र!” दुसऱ्या चित्रात मावशी शेजारणीशी गप्पा मारत होती, तिच्या हाताखालून डागाळलेली चादर सरकत होती, आणि मागे भोंगा वाजत होता. बायका खो-खो हसल्या. आईसुद्धा हसली. तिनं मला घरी हे हसत हसतच सांगितलं, पण त्या दिवशी ती नीट जेवली नाही.

कोर्स करायला बायकांना पाळीपाळीनं वरच्या मजल्यावरच्या बैठकीच्या खोलीत नेत. तिथं पांढऱ्याशुभ्र ट्यूब, भिंतीला नवा रंग, टेबलावर संगणक मांडलेले. मास्तरची एक खास युक्ती असते. आतला आवाज पूर्ण बोलून संपेपर्यंत ‘पुढे’चं बटण दाबलंच जात नाही. त्याला वाटतं, त्यामुळे लोक लक्ष देऊन ऐकतात. लोक तेवढ्यात डुलकी काढतात. दुसरं म्हणजे तीन उत्तरांपैकी सगळ्यात लांबलचक उत्तर नेहमी बरोबर असतं, कारण बरोबर उत्तर लिहिताना मास्तरला शहाणपणा आवरत नाही. बायकांना ही गोम चौथ्या प्रश्नालाच कळली. शेवटी मात्र खरी परीक्षा होती. पडद्यावर चादरींचे फोटो यायचे आणि डागावर टिचकी मारायची. पडदा लख्ख, खोली लख्ख. आईनं एकही डाग सोडला नाही. तिला शंभरपैकी शंभर पडले. प्रमाणपत्र तिनं स्वयंपाकघरात ओट्याच्या वर खिळ्याला लावलं.

खालच्या टेबलावर उजेड तोच होता. महिना उलटायच्या आत दवाखान्यातून दुसरी गाडी परत आली.

आणि आता बचतरावाचा हिशेब बघा. बायका परीक्षेत नापास झाल्या असत्या तर म्हणता आलं असतं की बिचाऱ्यांना कळत नाही. पण त्या तर सगळ्या पास! म्हणजे डाग त्यांना ओळखता येतात. ओळखता येतात आणि तरी त्या ते सोडून देतात. म्हणजे हा कामचुकारपणा. ज्या बाईला जास्त गुण तिचा गुन्हा मोठा. सगळ्यात जास्त गुण आईला होते, त्यामुळे पहिली नोटीस आईला आली. हलगर्जीपणाबद्दल कामावरून का काढू नये, ते अमुक दिवशी येऊन सांगा, बरोबर एक माणूस आणलंत तरी चालेल.

आई चपला न काढता पलंगावर बसून राहिली. “काढायचं तर काढा म्हणावं,” ती म्हणाली. “वय झालं, हात चालत नाहीत, काहीही म्हणा. पण हलगर्जी? मला?” मी दिव्यांचं बोल म्हटलं, तर तिनं मान हलवली. “मी बोलले तर बचतराव म्हणेल, पकडली गेल्यावर बाईला कारणं सुचतात. मास्तरला सांग. त्यानं स्वतः बघितलंय. त्याचं ऐकतील. तो एक वाक्य बोलला तरी पुरे.”

तिची नोकरी, आणि नोकरीपेक्षाही तिचं नाव, आता मास्तरच्या एका वाक्यावर येऊन टेकलं होतं. मी दुसऱ्याच दिवशी त्याच्या घरी गेले.

त्याची कामाची खोली बघण्यासारखी आहे. टेबलावर ‘शिकत राहा’ असं लिहिलेला कप. छताला एक दिवा, पडद्याच्या मागे एक दिवा, डोळ्यांना ताण पडू नये म्हणून, आणि एक गोल दिवा समोर, मीटिंगमध्ये स्वारीचा स्वतःचा चेहरा उजळ दिसावा म्हणून. माझं अर्धं आयुष्य डोळ्यांच्या धंद्यात गेलंय, पण उजेडाची इतकी काळजी घेणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

“दादा, आईला नोटीस आलीय.”

“हो, कळलं मला. फार वाईट वाटलं.” त्यानं खुर्ची अर्धी माझ्याकडे फिरवली, अर्धी पडद्याकडेच ठेवली.

“तू कागद घेऊन खिडकीशी का गेला होतास?”

कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग बोट वर. “असं आहे बघ. एक म्हणजे, मला त्यांनी प्रशिक्षणासाठी बोलावलं होतं. दिवे वगैरे हा परिसराचा भाग झाला. दुसरं, ते दिवे त्या साहेबांनी स्वतः लावलेत, त्यांचा सत्कार झालाय त्यावर. गिऱ्हाइकाच्या तोंडावर कसं सांगायचं? आणि तिसरं...”

तिसरं बोट नेहमीसारखं हवेत राहिलं.

“तिसरं म्हणजे ती तुझी आत्या आहे,” मी म्हणाले.

“अगं, मी येणार आहे ना त्या दिवशी, मलाही बोलावलंय. योग्य वेळी, योग्य शब्दांत मांडतो मी. तू काळजी सोड.”

वहिनी चहा घेऊन दारात उभी होती. “मांडाल ना नक्की?” तिनं विचारलं.

“म्हटलं ना!”

मी निघाले तेव्हा ती जिन्यापर्यंत आली. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, “ताई, यांच्या भरवशावर राहू नका.” इतक्या वर्षांच्या संसाराचा अभ्यास तिनं एका वाक्यात सांगितला, आणि त्यासाठी तिला कुठलाही कोर्स लागला नव्हता. पण मी घरी जाऊन आईला सांगितलं, मास्तर बोलणार आहे. तिला त्या रात्री झोप लागावी एवढंच मला हवं होतं.

सुनावणी त्याच वरच्या खोलीत झाली. पांढऱ्या ट्यूबखाली बचतराव बसला होता. शेजारी मुख्य कचेरीतून आलेल्या एचआरच्या बाई, घड्याळाकडे बघत. मास्तर कडक इस्त्रीच्या शर्टात, लॅपटॉप मिटून पुढ्यात ठेवलेला. समोर आई आणि मी. बचतरावानं पिशवीतून एक चादर काढली आणि टेबलावर पसरली.

“यात डाग आहे का?”

आईनं वाकूनसुद्धा बघितलं नाही, बोट ठेवलं. “हा इथं. आणि हा कडेला.”

“बघा!” बचतराव बाईंना म्हणाला. “चांगलं दिसतं यांना. हीच चादर यांच्या टेबलावरून पास होऊन दवाखान्यात गेली आणि परत आली.”

बाई मास्तरकडे वळल्या. “तुमचं काय मत आहे?”

आईनं त्याच्याकडे बघितलं. त्याच्या निकालाच्या दिवशी दारात उभी राहून बघायची, तसंच. मास्तरनं घसा खाकरला.

“आकडे असं सांगतात,” तो म्हणाला, “की ज्ञान आहे, कौशल्यही आहे. कमी पडतेय ती वृत्ती. आतून जाणीव हवी, ती नाही. त्यासाठी आमच्याकडे पुढचा कोर्स तयार आहे, ‘जबाबदारीची जाणीव’. मी थोडक्यात दाखवतो.” आणि त्या नालायकानं लॅपटॉप उघडला.

तो लॅपटॉप उचलून त्याच्या टाळक्यात घालावा असं मला वाटलं. मी घातला नाही, कारण आईनं टेबलाखाली माझं मनगट घट्ट धरलं होतं. पडद्यावर विसरभोळी मावशी आली. या वेळी तिच्या डोळ्यांत पाणी होतं, तिला पश्चात्ताप झाला होता.

आई काही वेळ त्या मावशीकडे बघत राहिली. मग तिनं माझं मनगट सोडलं आणि बचतरावाला म्हणाली, “साहेब, ही चादर घेऊन खाली चला. माझ्या टेबलावर पसरा. आणि तिथं तुम्ही मला डाग दाखवा.”

बचतराव काही बोलायच्या आत मास्तरच घाईघाईनं मध्ये पडला. गिऱ्हाईक सांभाळायचं होतं ना! “नाही नाही, आत्या, दिव्यांचं आत्ता नको. तो आपला विषयच नाही.”

त्या खोलीत तोवर दिव्यांचं नाव कुणीही काढलं नव्हतं.

एचआरच्या बाईंनी घड्याळाकडे बघायचं थांबवलं. “कुठले दिवे?” त्यांनी विचारलं. मग जरा थांबून, “आणि या तुमच्या आत्या?”

कोर्समध्ये अशा प्रश्नांना तीन गोल असतात. इथं नव्हते. मास्तर लॅपटॉपच्या पडद्यावर नसलेली धूळ बोटानं पुसायला लागला. बचतराव छताकडे बघत होता. बाईंनी चादर गोळा केली आणि कुणालाही बरोबर न घेता खाली गेल्या. त्यांना आईचा पुळका आला होता असं मी म्हणणार नाही. तिसरी गाडी परत आली असती तर ती त्यांच्या दारात आली असती. त्या वर आल्या, चादर खुर्चीवर टाकली आणि म्हणाल्या, “आज इथंच थांबू.”

पुढच्या सुट्टीच्या दिवशी लाँड्रीच्या दारावर ‘देखभालीसाठी बंद’ अशी पाटी लागली. दुसऱ्या दिवशी बायका आल्या तर तळमजला पांढरा लख्ख. दिव्यांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. आणि नोटीस? तिच्यावर असा तोडगा निघाला की आईनं ‘जबाबदारीची जाणीव’ हा कोर्स पूर्ण करावा आणि आपल्याला आपली चूक कळली असं लिहून सही द्यावी, म्हणजे प्रकरण मिटेल. कोर्स विकला गेलेला होता, तो कुणीतरी करायला हवाच होता.

आईनं केला. वरच्या खोलीत जाऊन बसली, बटण जिवंत व्हायची वाट बघितली, लांबलचक उत्तरांवर टिचक्या मारल्या, सही केली. मी घरी आकांडतांडव केलं. तुझी चूक नव्हती तर सही का केलीस, त्यांना कोर्टात खेचू, त्या मास्तरला घरात पाऊल टाकू देणार नाही, सगळं बोलून झालं.

“मला टेबलावर परत जायचं होतं,” ती म्हणाली. “भांडत बसले असते तर तिथं दुसरीच कुणी उभी राहिली असती.” मग ओट्यावरचं शंभर गुणांचं प्रमाणपत्र तिनं खिळ्यावरून काढलं आणि फडताळात तेलाच्या बरणीखाली अंथरलं. तेवढा एकच राग तिनं दाखवला.

डाग थांबले. न थांबून सांगतात कुणाला! आणि मास्तरच्या कंपनीनं आलेख काढला. इथं पहिला कोर्स, इथं दुसरा कोर्स, आणि बघा, तक्रारी शून्यावर. कोर्स बनवणाऱ्या लोकांच्याही स्पर्धा असतात, हे मला तेव्हा कळलं. त्या स्पर्धेत हा कोर्स पहिला आला. बचतरावाला दुसरी पाटी मिळाली. मास्तरला मंचावर बोलावून ढाल देणार होते.

त्या समारंभाच्या आधीच्या रविवारी, भर दुपारी, मास्तर आमच्याकडे आला. हातात केकचा डबा. सुनावणीनंतर पहिल्यांदाच येत होता, पण चेहऱ्यावर असं तेज की जणू आईची नोकरी यानंच वाचवली. वाचवली असं त्याला बहुधा मनापासून वाटतही होतं, तेवढा निगरगट्टपणा त्याच्या अंगी आहे.

“आत्या, तू यायचंस हं समारंभाला,” तो म्हणाला. “कोर्समुळे ज्यांच्यात बदल झाला असं एखादं माणूस मंचावर असलं की छान दिसतं. दोनच शब्द बोलायचे. मी लिहून देईन.”

मी तोंड उघडणार तोच आईनं हातानं मला थांबवलं. मास्तर पलंगावर, खोलीच्या मधोमध बसला होता. खोली छतापर्यंत उन्हानं उजळलेली होती. त्यानं खिशातून कागद काढला. “माझं भाषण वाचून दाखवतो, ऐक. ‘मित्रांनो, समस्या आधी दिसावी लागते. आपल्यापैकी किती जणांना ती दिसते?’”

“थांब,” आई म्हणाली.

ती उठली. कोपऱ्यातली त्याची जुनी खुर्ची तिनं ओढत खिडकीपाशी नेली. तिच्यावरचे कपडे उचलून बाजूला ठेवले, बसायची जागा पदरानं नव्हे, नुसत्या तळहातानं पुसली, ती टेबलावर चादरीवरून हात फिरवते तशी.

“इथं बसून वाच,” ती म्हणाली. “तुला उजेड लागतो.”

“इथं आहे की उजेड, आत्या,” मास्तर हसून म्हणाला.

आई खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती, आवाजही चढलेला नव्हता. “ये ना. कागद घेऊन ये खिडकीशी.”

आधी त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, मग मान. तो उठला. दोन पावलं खिडकीकडे आला, थांबला, हातातल्या कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आईकडे त्याला बघता आलं नाही. मग कागदाची घडी झाली, ती खिशात गेली, आणि “उशीर होतोय, वहिनी वाट बघत असेल तुझी,” असं काहीतरी विचित्र बरळून तो चपला शोधायला लागला. वहिनी माझी, बायको त्याची. जिन्यावरून उतरताना त्याची पावलं बराच वेळ ऐकू येत होती.

खुर्ची खिडकीशी तशीच राहिली. मी जाऊन तिच्यात बसले. आई स्वयंपाकघरात गेली, आणि थोड्या वेळानं तिनं माझ्यापुढे चहा आणून ठेवला.